पार्लरमधून घरी गेल्यावर

आम्ही भिलाईच्या जुन्या बायका कुठल्याही लग्नकार्यात एकत्र आलो की दहा मिनिटांत कुणीतरी कुसुमताईंच्या पार्लरचा विषय काढतेच. गंमत अशी की कुणाच्या भुवया किती छान झाल्या होत्या, हे आज एकीलाही आठवत नाही. आठवतं ते घरी गेल्यावर कुणी काय घोळ घातला, तेवढंच. आणि हे घोळ दर लग्नाला थोडे थोडे वाढत जातात. मी त्या पार्लरमध्ये नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझ्याकडचे घोळ मूळ मापाचे आहेत असं समजा.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची, ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. कुसुमताई ढोबळे आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. माहेर नागपूरचं. तिथे मावशीकडे राहून त्या सहा महिन्यांचा कोर्स करून आल्या, पुढच्या व्हरांड्याला फुलाफुलांचा पडदा लावला, दुर्गच्या सुताराकडून एक उंच खुर्ची करवून घेतली आणि झालं पार्लर सुरू. मी मदतनीस. म्हणजे वाफेचं पाणी तापवायचं, कापूस फाडून ठेवायचा आणि थ्रेडिंग करताना बाईच्या कपाळाची कातडी ताणून धरायची.

त्यांचे यजमान मधुकरराव पोलादाच्या कारखान्यात, आमच्या भाषेत प्लांटमध्ये, फोरमन. माणूस वाईट नाही, पण लोक काय म्हणतील याची भारी धास्ती. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "शिफ्टच्या बसमध्ये एकाही माणसानं मले म्हटलं ना, का ढोबळे, तुमच्या मिसेसनं माझ्या बायकोचं तोंड बिघडवलं, तर त्याच दिवशी हा पडदा खाली."

कुसुमताईंनी मान हलवली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्या सुताराच्या खुर्चीत त्यांचा जीव गुंतला होता. त्या हे बोलून दाखवत नसत, पण मला दिसायचं.

आता त्यांच्या हातून काम कधी बिघडलं नाही. बिघडायचं ते घरी गेल्यावर. म्हणून त्यांनी नियम केला. काम झालं की बाईला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. "अर्धा तास माझा होता, आता चोवीस तास तुमचे. म्हणा माझ्या मागे." मग ती बाई, मग ती ऑफिसरची मिसेस असली तरी, शाळेतल्यासारखी म्हणायची: साबण नाही, पावडर नाही, तेल नाही, ऊन नाही, शेगडीची धग नाही.

आणि घरी जाऊन नेमकं त्यातलं एक करायची.

*

पहिली तक्रार आली ती मात्र नियम पाळल्याबद्दल.

ठाकरेबाईंनी ब्लीच करून घेतलं. त्यांच्याकडे तेव्हा गॅस नव्हता, कोळशाची शेगडी होती. दुसऱ्या दिवशी ठाकरे बसमध्ये मधुकररावांच्या शेजारी येऊन बसले. "ढोबळेसाहेब, काल मले स्वयंपाक करावा लागला. वहिनींनी हिले शेगडीजवळ जायाले मना केलं म्हणते. भात खाली करपला, वरून कच्चा."

मधुकररावांनी घरी येऊन विचारलं, "याले तक्रार म्हणायची का?"

"तोंड बिघडलं का तिचं?"

"नाही. त्याचं बिघडलं होतं."

"मग नाही म्हणायची," कुसुमताई म्हणाल्या आणि विषय मिटला.

पंधरा दिवसांनी ठाकरेबाई परत आल्या. मग पुन्हा पंधरा दिवसांनी. इतक्या लवकर लवकर ब्लीच करणं चांगलं नाही, असं कुसुमताईंनी समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर ठाकरे सायकल धरून उभे होते. तिकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "ताई, ब्लीच राहू द्या. मी इथं अर्धा तास नुसती बसते. जाताना फक्त शेगडीचं तेवढं यांच्यासमोर जोरात सांगा."

कुसुमताईंनी सांगितलं. जोरात सांगितलं. माझ्या मते नऊ वर्षांतलं ते सगळ्यात गुणकारी काम होतं, आणि त्याला क्रीमही लागलं नाही.

*

मे महिन्यातली भिलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ऊन म्हणजे काय हे सांगायला नको. उतईहून एक मास्तरीणबाई यायच्या. त्यांचा नवरा प्लांटमध्ये वेल्डर. बाई स्वभावाने अतिशय काटेकोर. कुसुमताईंनी सांगितलं, "आज तोंडाला ऊन लागता कामा नये." त्यांनी विचारलं, "म्हणजे किती?" कुसुमताई म्हणाल्या, "अजिबात नाही." बाईंनी मान डोलावली आणि नवऱ्याला काहीतरी आणायला पाठवलं.

तो घेऊन आला ते त्याचं जुनं वेल्डिंगचं हेल्मेट. काळ्या काचेचं, हनुवटीपर्यंत येणारं.

बाईंनी पदर नीट खोचला, हेल्मेट घातलं, हातात पर्स घेतली आणि स्कूटरवर मागे बसल्या. भर बारा वाजता स्कूटर सेक्टरच्या बाजारातून गेली. आम्ही दोघी पडद्यातून बघत होतो. समोरच्याच चौकात हवालदाराने हात करून स्कूटर थांबवली. त्याने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो उघड्या डोक्याने चालवत होता. मग मागे पाहिलं.

"मैडम, ड्यूटी पे जा रही हैं?"

आतून आवाज आला, "नहीं भैया, भौंहें बनवाके आ रही हूँ."

मी हसून हसून खाली बसले. कुसुमताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हस तू. पण शोभा, सांगितलेलं ऐकणारी एक तरी निघाली."

*

हळदीचा किस्सा मात्र त्यांच्या अंगाशी येता येता राहिला. अंगाशी कसला, तोंडाशी.

स्मृति नगरच्या एका घरातली मुलगी, लग्न दुसऱ्या दिवशी. कुसुमताईंनी चार वेळा बजावलं होतं की ब्लीच लग्नाच्या आठ दिवस आधी करा. पण आमच्याकडे मुलीचं तोंड सगळ्यांना शेवटच्या दिवशी दिसतं. दुपारी ब्लीच झालं आणि संध्याकाळी हळद. ताज्या ब्लीचवर हळद घासली की तोंड लालभडक होणार, हे मुलीला पाठ करून घेतलं होतं. त्यामुळे हळदीला ती पाटावर बसली, हातपाय पुढे केले आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

आर्वीहून आलेली आत्या हळदीची वाटी घेऊन उभी. "तोंडाले हळद नाही? कावून?"

"ताईंनी सांगितलं आहे."

"कोन ताई? तुह्या आजीच्या तोंडाले लागली, आईच्या लागली. हे नवरदेवाची उष्टी हळद हाय. हे परत जात नसते."

मुलगी रडायला लागली, मुलाकडची माणसं दारात ताटकळत राहिली, आणि शेवटी मुलीचा भाऊ स्कूटरवर बसवून कुसुमताईंना घेऊन गेला. मीही मागोमाग रिक्षाने गेले, कारण असलं काही चुकवायचा माझा स्वभाव नाही.

कुसुमताईंनी आत्याला नमस्कार केला, सगळं समजावून सांगितलं. आत्याला ब्लीचशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं एकच म्हणणं, उष्टी हळद आली आहे, ती तोंडाला लागलीच पाहिजे. तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "तोंडालेच लागाले पाहिजे ना? कोणाच्या, ते कुठं ठरलं आहे?" आणि मुलीच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

आत्याने थोडा विचार केला. मग मुलीच्या हातापायाला आणि कुसुमताईंच्या तोंडाला अशी ती हळद नियमानं पार पडली. आत्याने हात राखला नाही. कानामागेसुद्धा लावली.

रात्र व्हायच्या आत आम्ही परत आलो. मधुकररावांनी दार उघडलं. बायकोच्या पिवळ्याजर्द तोंडाकडे नीट पाहिलं, बाजूला सरून वाट दिली आणि विचारलं, "लग्न कोणासंग?"

*

आता जी तक्रार खरीच आली तिच्याबद्दल.

नंदिनी नगरहून एक बाई थ्रेडिंगला यायच्या. एकदा आल्या त्या दोन्ही भुवयांवर पुरळ घेऊन. बरोबर सासूबाई. भुवया सुजून लाल झालेल्या, अगदी बघवत नव्हत्या. "तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं, तरी हे असं," बाई म्हणाल्या. नवऱ्याने मधुकररावांना गाठून ऐकवलंही होतं.

कुसुमताईंचा चेहरा उतरला. पण चौकशी त्यांनी शांतपणे केली. साबण लावला? नाही. पावडर? नाही. तेल? नाही. उन्हात गेलात? नाही. खाजवलं? नाही, ताई.

तेवढ्यात सासूबाईंना राहवलं नाही. "लसूण घासला तिनं. भुवया जरा बारीक झाल्या म्हणे, दाट याव्या म्हणून."

सून उसळून म्हणाली, "लसूण नाही असं कुठं म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून?"

हे मात्र खरं होतं. कुसुमताईंनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, औषध दिलं, आठ दिवस रोज बोलावून बघितलं. भुवया बऱ्या झाल्या. त्या दिवसापासून आमच्या यादीत लसूण आला आणि नव्या बायका तो म्हणताना आमच्याकडे संशयाने बघू लागल्या.

पण मधुकरराव ऐकायला तयार नव्हते. लसूण तिनं लावला की तुम्ही, हे बसमधल्या माणसाला कुठे कळतं? "हे शेवटचं, कुसुम. यानंतर एक जरी झालं तर मी विचारणार नाही, सरळ पडदा काढीन."

त्या रात्री कुसुमताई जेवल्या नाहीत हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडावरून कळलं. आम्ही दोघींनी सकाळभर नुसता कापूस फाडला.

*

त्यानंतर महिन्याभरात एका दुपारी पडदा सरकवून मधुकरराव स्वतः आत आले. मागे त्यांच्या खात्यातले रामटेके. पार्लरमध्ये पुरुष घेत नसत, त्यामुळे खुर्चीतली बाई उठून स्वयंपाकघरात पळाली.

रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. बावीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिले होते, अंगावरचा एक केस कधी जळला नाही. आणि तीन महिन्यांपूर्वी बायको माहेरी गेली असताना चहा करायला गेले, तर घरचा रॉकेलचा स्टोव्ह भडकला. कातडी बरी झाली, पण दोन्ही भुवया गेल्या त्या परत आल्या नाहीत. पापण्या कुठे आहेत, कुठे नाहीत.

"सुजाताचं लग्न रविवारी आहे," मधुकरराव म्हणाले. सुजाता ही रामटेक्यांची एकुलती एक मुलगी.

रामटेके खाली बघून बोलले. "वहिनी, नवरदेवाचा मामा येऊन गेला. मले विचारे, व्याही, भुवया कधीपासून नाहीत? मी स्टोव्हचं सांगतलं. त्यानं मान डोलवली, पण माह्या बोटांकडं पाहून राहिला होता."

भुवया गळणं आणि बोटं बघणं याचा अर्थ आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नसे. त्या मामाला महारोगाचा संशय आला होता.

"डॉक्टरची चिठ्ठी दाखवा ना," मी म्हटलं.

"चिठ्ठी दाखवली का संशय पक्का होते, बाई. त्यायच्याकडले साठ माणसं येऊन राहिले. कोणी एकानं तिथं तोंड उघडलं तं पोरीचं काय?"

कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला अख्खं खातं येणार होतं. पेन्सिलीने भुवया काढल्या आणि त्या मांडवात ओघळल्या, तर मुलीचं लग्नही जाणार आणि हा पडदाही. मधुकररावांनाही ते कळत होतंच. तरी ते म्हणाले, "कर. माझा माणूस आहे."

रविवारी सकाळी रामटेके मागच्या दाराने आले. कुसुमताईंनी सव्वा तास लावला. पेन्सिलीला इतकं बारीक टोक केलं होतं की दर चार रेघांनी ते तुटायचं. एकेक केस काढला. मध्ये थोडे विरळ ठेवले, कारण पन्नाशीच्या माणसाच्या भुवया दाट नसतात. पापण्यांच्या कडेला काजळाची पुसट रेघ ओढली. मी समोर आरसा धरला. त्यांनी मान दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि म्हणाले, "हा तं मीच आहो."

मग नियम. कुसुमताई पढवू लागल्या. घामाचं फडकं कपाळाला लावायचं नाही, नुसतं टिपायचं. कूलरसमोर बसायचं. कुणी गुलाबपाणी शिंपडलं तर तोंड फिरवायचं. रामटेके मागोमाग म्हणत होते.

"आणि पाठवणीला रडायचं नाही," कुसुमताई म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी आलं की काजळ उतरलं, आणि हात गेला की भुवई पुसली. मामा जाईपर्यंत भुवया टिकणार नाहीत."

इथे मात्र रामटेके म्हणेनात. कुसुमताईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "रडायचं नाही."

लग्न दुपारी लागलं. बुद्धवंदना झाली, वधूवरांनी हार घातले, जेवणं झाली. मामा दोनदा रामटेक्यांच्या अगदी समोर येऊन बोलून गेला. दुसऱ्यांदा बोलताना त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी आणि कुसुमताई त्या खांद्यावरच्या हाताकडे बघत होतो, आणि पलीकडे उभे असलेले मधुकररावही.

संध्याकाळी पाठवणीला जीप आली. रामटेकेबाई ओक्साबोक्शी रडत होत्या, मावश्या रडत होत्या, प्लांटमधली दणकट माणसं रुमाल काढत होती. सुजाता वडिलांच्या गळ्यात पडली. रामटेके मान वर करून मांडवाच्या बांबूकडे बघत उभे राहिले. हात तिच्या पाठीवर होता, पण डोळे कोरडे. तिने दोनदा "बाबा" म्हटलं. ते म्हणाले, "जा बेटा, उशीर होते."

जीपमध्ये बसताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, "काकू, बाबा माझ्यावर चिडले आहेत का?" मी नुसता तिचा पदर जीपच्या आत सारला. आजूबाजूला मामाकडचीच माणसं होती.

मागे कुणी बायका बोलल्या, बाप आहे की दगड. जीप गेली.

बुधवारी सकाळी आम्ही पडदा बांधत होतो, तर रामटेके दारात उभे. कामावर जायच्या कपड्यांत. भुवया अर्ध्या उडाल्या होत्या, एक डावीकडे जरा खाली घसरलेली. काजळाची रेघ मात्र तशीच.

"अहो, अजून तोंड धुतलं नाही तुम्ही?" कुसुमताई म्हणाल्या.

"नाकाच्या खालतं धुतो. पाठीवर झोपतो. तुमी नियम कधी सोडाचे ते सांगतलं नव्हतं ना."

प्लांटमध्ये मशीन बंद करून दुरुस्ती चालू असली की स्विचवर लाल पाटी टांगतात. ज्याने ती टांगली त्यानेच येऊन काढायची असते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रामटेके बावीस वर्षं तसंच काम करत आले होते.

"पुसा हो, खुशाल पुसा," कुसुमताई म्हणाल्या. "मामा कधीचा गेला."

त्यांनी भुवया पुसल्या नाहीत. टोपी काढून हातात घेतली, मागे कुणी येत नाही ना हे एकदा पाहिलं आणि विचारलं,

"वहिनी, आता रडलो तं चालते का?"